खालच्या आळीचं पाणी

आमच्या घरी दिवस उजाडायचा तो नळामुळे. आधी नळातून नुसती हवा यायची, बराच वेळ सूं सूं चालायचं, मग तो दोन-चार आचके द्यायचा, थोडं तांबूस पाणी टाकायचा आणि मग कुठे धार लागायची. त्या पहिल्या सूं सूंला आई हातातलं पीठ तसंच ठेवून उठायची आणि हंडे, कळश्या, बादल्या, शेवटी चहाचं पातेलंसुद्धा भरून ठेवायची. तोवर तव्यावरची तांदळाची भाकरी माझ्या जिवावर, आणि मी ती हमखास करपवायचे. दादा, म्हणजे माझे वडील, पिरंगुटच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायचे. करपलेला तुकडा सुकटीच्या कालवणात बुडवत ते म्हणायचे, "इंजिनेरीन बाईंची भाकरी हाय, कडक असनारच." मुठेच्या खोऱ्यातल्या आमच्या गावात मुली शिकत होत्या, नोकऱ्याही करत होत्या, पण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पोचलेली मी पहिली. याचा मला गर्व होता आणि तो लपवण्याची माझी अजिबात इच्छा नव्हती.

नळाला पाणी सोडायचं काम आमच्याच घरात होतं. दादांचे थोरले भाऊ नाना हे ग्रामपंचायतीचे पाणी सोडणारे. काकू लवकर गेली, मूलबाळ नाही, तेव्हा नाना आमच्यातच राहायचे, माळावरच्या वस्तीत. नदीकाठच्या विहिरीचं पाणी टेकडीवरच्या टाकीत चढायचं आणि तिथून पाच आळ्यांना पाळीपाळीने उतरायचं. टाकीखाली ओळीने पाच चौकोनी खड्डे होते, प्रत्येकात एक व्हॉल्व्ह. नाना छातीएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून पहाटेच निघायचे, झाकण उचलायचे, चावी घालून फिरवायचे आणि ती तिथेच झाकणावर आडवी ठेवून बाकीच्या कामाला जायचे. त्या चावीला दुसरं कुणी हात लावत नसे. तसा नियम कुणी लिहिलेला नव्हता. लावत नसत, एवढंच. नाना बोलायचे कमी, आणि जे बोलायचे ते बहुतेक म्हशीशी.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करावा लागतो आणि त्याशिवाय डिग्री मिळत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तो कसा करतात हेही सगळ्यांना माहीत असतं. शहरात अशी दुकानं होती की जिथे तुम्ही विषय सांगायचा आणि आठवड्याने तयार प्रोजेक्ट, छापील रिपोर्ट आणि तोंडी परीक्षेत विचारतील त्या प्रश्नांची उत्तरं असं सगळं एका पिशवीत घरी न्यायचं. आमच्या वर्गातल्या निम्म्या जणांनी तेच केलं. मी केलं नाही, कारण मला ते कमीपणाचं वाटत होतं. प्रामाणिकपणा वगैरे नंतरच्या गोष्टी. तेव्हा माझं म्हणणं एवढंच होतं की मला येतं तर मी दुसऱ्याचं का घेऊ? माझी जोडीदारीण वैष्णवी हिंगोलीकडची, मारुंजीत एका खोलीत चौघी मिळून राहायची. ती शांत, हिशेबी आणि माझ्या दुप्पट हुशार. मी म्हटलं, गावात कुठल्या आळीला किती वाजता पाणी येणार हे बायकांना फोनवर आधी कळवायचं. ती म्हणाली, "सोपं वाटतंय." मी म्हटलं, "सोपंच आहे." दोघीही चुकलो होतो, पण ते पुढे.

आमच्या मार्गदर्शक मॅडमनी दोन अटी घातल्या. आमचा अंदाज आणि प्रत्यक्ष पाणी यांची पंधरा दिवसांची नोंद दाखवायची. आणि रिपोर्टच्या शेवटच्या पानावर, जो माणूस हे रोज वापरणार त्याची सही आणि त्याच्या हातचा अभिप्राय आणायचा. सही नसेल तर रिपोर्ट परीक्षकांपुढे ठेवणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मला हसू आलं. हिंजवडीच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र माझ्याकडे आलेलं होतं, डिग्री मिळाल्यावर रुजू व्हा म्हणून, आणि मधे उभी होती ती फक्त माझ्याच चुलत्याची सही. मला वाटलं, ही तर घरातलीच गोष्ट.

वैष्णवी दीड महिन्यासाठी आमच्याकडे राहायला आली. आईला तिचं भारी कौतुक, कारण ती पोळी गोल करायची. आम्ही पाचही खड्ड्यांत पाणी मोजणारी छोटी यंत्रं बसवली. कुठला व्हॉल्व्ह कधी उघडला, कधी बंद झाला, ते फोनवर दिसायला लागलं. पहिले तीन आठवडे नुसतं बघत बसलो. नाना झाकण उचलताना आमच्या यंत्राकडे बघायचे, फुंकर मारून वरची माती उडवायचे आणि काम करायचे. "नाना, काही अडचण?" मी विचारायचे. "मला न्हाई," ते म्हणायचे. "त्येला पानी लागलं तर त्येची त्येला." त्यांच्या वेळा आम्ही कॉम्प्युटरला शिकवल्या. नाना घड्याळ वापरत नसत, तरी पहाटे आमच्या वस्तीचं झालं की वरच्या आळीला रोज सातला वीस कमीच्या आसपास पाणी सुटायचं, मग देवळामागची आळी, मग शाळेकडची, शेवटी खालची. माणूस इतका नेमका असू शकतो याचं वैष्णवीला आश्चर्य वाटायचं. मला वाटायचं, आपलं गणित किती चांगलं आहे.

नोंदीचे पंधरा दिवस सुरू झाले आणि मी गावात भाव खाऊन फिरायला लागले. आदल्या दिवशी फोनवर निरोप जायचा, अमुक वाजता पाणी, आणि पाच मिनिटांच्या आत धार लागायची. बायका नळापाशी ताटकळत बसायच्या त्या आता शेण काढून, पोरांना आवरून वेळेवर नळाला येऊ लागल्या. वरच्या आळीची एक काकू आईला म्हणाली, "तुमच्या स्वातीनं लई बेस केलं बगा, माजा सकाळचा तास वाचला." आई ते मला तीनदा सांगायची आणि मी तीनही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकायचे. आठ दिवस आमची नोंद सरळ रेघेसारखी गेली. मी परीक्षकांपुढे काय बोलायचं याची तालीम म्हशीपुढे करत होते.

नवव्या दिवशी सकाळी मी चहा पीत फोन बघितला तर खालच्या आळीचा व्हॉल्व्ह उघडा. पाळी वरच्या आळीची, आणि खालची सव्वासहापासून वाहतेय. मला आधी वाटलं यंत्र बिघडलं. मग वाटलं, नाना चुकले. वय झालं, विसरले असतील. वरच्या आळीला सातला वीस कमीचा निरोप गेलेला होता आणि आमच्या सुंदर नोंदीत तासाभराचं भगदाड पडणार होतं. वैष्णवी अंघोळीला गेली होती, दादा कामावर गेलेले. मी गाडी काढली आणि टाकीकडे गेले. नाना तिथे नव्हते. चावी झाकणावर आडवी ठेवलेली होती. मी ती उचलली. जड होती, पण मला जमली. खालच्या आळीचा व्हॉल्व्ह बंद केला, वरचा उघडला, घड्याळ बघितलं. तीन मिनिटांचा फरक. घरी येईपर्यंत वरच्या आळीच्या बायकांनी फोनवर अंगठे पाठवले होते, आणि मी गार झालेला चहा मजेत प्यायले.

नाना दहाच्या सुमाराला आले ते अंगणाच्या बाहेरच थांबले. आईने काही न विचारता पाण्याची बादली नेऊन ठेवली. त्यांनी कपड्यांसकट डोक्यावरून पाणी घेतलं. बाहेर अंघोळ करून घरात कधी यायचं ते मलाही कळत होतं.

"खालच्या आळीचं किसनतात्या गेलं पहाटं," नाना आईला म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. "स्वाते, चावी तू फिरवलीस?"

"व्हय," मी म्हणाले. "तुमचा नंबर चुकला हुता."

"नंबर न्हाई चुकला." नानांनी धोतर पिळलं. "मयतीच्या घराला पयलं पानी. त्या दिशी पाळी नस्ती. मी सोडून बांबू आनाय गेलो वर. आलो तर नळ कोरडा. म्हातारं अंगनात पाटावर, आन् शोभा अर्धा हंडा घिऊन हुबी."

किसनतात्यांनी मला लहानपणी खांद्यावरून ओढा पार करून दिला होता. त्यांच्या शेवटच्या अंघोळीचं पाणी मी तीन मिनिटांच्या फरकासाठी तोडलं होतं. शेजारच्या घरांनी आपापल्या कळश्यांतलं पाणी आणून दिलं म्हणून ती उरकली. "लोकं काय म्हनली?" आईने हळूच विचारलं. नाना म्हणाले, "काय म्हनत्यात. वॉल गंडला आसंल म्हनली. मी बी व्हय म्हनलो."

त्या दिवसाची नोंद आजही माझ्याकडे आहे. पंधरा दिवसांतला तो सगळ्यात चांगला दिवस दिसतो. वरच्या आळीला तीन मिनिटं, बाकीच्यांना त्याहून कमी. बघणाऱ्याला वाटेल, काय नेमकेपणा आहे. इतकी वर्षं मी या धंद्यात काढली, माझ्या हाताखाली पुष्कळ तरुण मुलंमुली आली, आणि कुणी मला फार देखणी आकडेवारी आणून दाखवली की मी आधी विचारते, त्या दिवशी तिथे कोण होतं? त्यांना ते विचित्र वाटतं. वाटू दे.

पंधरा दिवस झाले. सुतक चालू होतं म्हणून मी सहीचा विषय काढला नव्हता, पण रिपोर्ट बांधायला द्यायची वेळ जवळ आली. दुपारी नाना ओसरीवर दोरी वळत बसले होते. मी कागद आणि पेन पुढे केलं.

"करीन सही," नाना म्हणाले. दोरीवरची नजर काढली नाही. "पर आदी शोभाकडं जाऊन सांग, चावी कुनी फिरवली."

"नाना, कुणालाच म्हाइत न्हाई. तुम्हीच तर सांगितलं वॉल गंडला म्हणून."

"मी माज्या तोंडानं तुजं नाव घेनार न्हाई. ते तुजं काम हाय."

वैष्णवी मला म्हणाली, "आपला डेटा तर परफेक्ट आहे. पण सही नाही म्हणजे काहीच नाही." मी चिडले. मला नानांचा राग आला, चावीचा राग आला, तिचाही आला. सही अडवून ठेवणं म्हणजे माझी डिग्री अडवून ठेवणं, हे त्या माणसाला कळत नाही का? दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही आणि भाकरी मुद्दाम करपवली. पण राग निवल्यावर खाली उरली ती लाज, आणि ती काही केल्या निवेना. खालच्या आळीत घराघरातून रोज मयताच्या घरी पिठलं-भाकरी जात होती. तिसऱ्या दिवशी आईने आमच्या घरचा डबा भरला. मी म्हटलं, "दे, मी नेते."

शोभाकाकू, तात्यांची सून, ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी डबा ठेवला, बसले, आणि जेवढं पटकन सांगता येईल तेवढं सांगून टाकलं. "काकू, त्या दिशी वॉल गंडला नव्हता. मी बंद केला. मला वाटलं नाना चुकले."

तिने सूप खाली ठेवलं. आत कुणाचंतरी भांडं पडलं, तिकडे तिने बघितलं नाही.

"नाना चुकतूय व्हय कदी?" ती म्हणाली. आणि मग, "म्हातारं जल्मभर पान्यापायी कुनाशी भांडलं न्हाई. बायकांची रांग आसली की म्हनायचं, त्यांचं हू दे आदी. मी म्हनलं, बगा, जाताना बी तेच झालं." तिचे डोळे भरले, माझेही भरले. पदराने तोंड पुसून ती पुन्हा सूप हातात घेत म्हणाली, "मग आता तुज्या फोनला कळंल का? पुडच्या टायमाला, कुनाचं आसंल त्याचं?"

मी खोटं बोलू शकत होते. "न्हाई कळणार," मी म्हटलं. "अजून न्हाई."

"मग कळव की त्येला," शोभाकाकू म्हणाली. चार वर्षांत कुणी मला माझ्या कामाबद्दल इतकं सोपं काही सांगितलं नव्हतं.

मी घरी आले आणि आम्ही दोघी लगेच कामाला बसलो. वैष्णवीने तीन पडद्यांचं एक छान ॲप काढून दाखवलं, नानांसाठी, मोठ्या बटणांचं. अडचण ही की नानांकडे बटणाचा जुना फोन होता आणि त्यांना दुसरा नको होता. मग मला सुचलं की नाना मला पिरंगुटच्या बाजारातून परतताना नेहमी एक रिंग देऊन फोन ठेवतात, गाडी घेऊन नाक्यावर ये म्हणून. तसंच करायचं. पाळी मोडायची असेल तर नानांनी आमच्या नंबरला एक मिस्ड कॉल द्यायचा आणि पाहिजे तो व्हॉल्व्ह उघडायचा; उघडा कुठला आहे हे यंत्राला कळतंच. पाळी पुन्हा लागली की दुसरा मिस्ड कॉल. बाकी आळ्यांना आपोआप निरोप. निरोपात काय लिहायचं ते मी नानांना विचारलं. या सगळ्या प्रोजेक्टमध्ये मी त्यांना विचारलेली ती पहिली खरी गोष्ट.

"खालच्या आळीला गरज हाय, तुमचं पानी मागनं येतंय," नानांनी सांगितलं. "कारन लिवायचं न्हाई. मयत आसंल, बाळातीन आसंल, लग्न आसंल. गरज हाय म्हनलं की लोकं समजत्यात."

वैष्णवीने ते जसंच्या तसं टाकलं, 'हाय'सकट. मी नवव्या दिवसाच्या नोंदीखाली लिहिलं की ही वेळ प्रणालीमुळे जुळलेली नाही, विद्यार्थिनीने व्हॉल्व्ह फिरवून जुळवलेली आहे. पंधरा दिवसांचा सरासरी फरक काढताना तो दिवस चुकलेला धरला आणि आमचा सुंदर आकडा बिघडला. वैष्णवीने एकदा उसासा टाकला आणि आलेख नव्याने काढला.

तेराव्याच्या दिवशी खालच्या आळीत सकाळपासून मोठी पातेली लागली होती. साडेसहाला आमच्या फोनवर नानांचा मिस्ड कॉल आला. एक रिंग, बंद. पाठोपाठ बाकी आळ्यांना निरोप गेला. मी खालच्या आळीतल्या नळापाशी उभी राहून वरच्या आळीकडे बघत होते, कुणी तक्रार करत येतंय का म्हणून. कुणी आलं नाही. थोड्या वेळाने त्याच आळीच्या दोघी-तिघी उतरताना दिसल्या, विळ्या घेऊन, भाजी चिरायला. फोनवर त्या दिवशी कुणीही अंगठा पाठवला नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी पंगतीत वाढायला उभी राहिले आणि आमटी दोघांच्या पानाबाहेर सांडली. शोभाकाकू ओरडली, "आगं, बग जरा," आणि मग म्हणाली, "बस आता, जेव तू बी."

संध्याकाळी नानांनी कागद मागून घेतला. ओसरीच्या कडेला जाऊन, गुडघ्यावर पाट ठेवून ते बराच वेळ लिहीत होते. चौथीपर्यंत शिकलेले, त्यातही हात बसलेला चावीवर. लिहून झाल्यावर घडी घातली आणि ती मला न देता वैष्णवीच्या हातात दिली. वैष्णवी दुसऱ्याच दिवशी मारुंजीला गेली, तिथेच रिपोर्ट बांधून घेतला. काय लिहिलंय म्हणून मी फोनवर विचारलं तर म्हणाली, "सही आहे, काळजी करू नकोस."

परीक्षेला बाहेरच्या कॉलेजचे एक सर आले होते, बारीक चष्म्याचे, घाईतले. चाळीस मिनिटं त्यांनी आम्हाला पिळलं आणि मी एकाही प्रश्नाला अडखळले नाही. नवव्या दिवसाखालची ओळ त्यांनी दोनदा वाचली. "हे स्वतःहून कशाला लिहिलं? कोणाला कळलं असतं?" मी जे झालं ते सांगितलं. मग त्यांनी मिस्ड कॉलचा विषय काढला. "म्हणजे एक माणूस वाटेल तेव्हा तुमचं सगळं वेळापत्रक मोडू शकतो. त्याने गैरफायदा घेतला तर?"

"सर, तो माणूस पाचही आळ्यांतून रोज चालत जातो," मी म्हणाले. "गैरफायदा घेतला तर त्याच रस्त्याने परत यायचंय त्याला."

मॅडम खिडकीबाहेर बघून हसल्या. सरांनी पानं उलटत शेवटचं काढलं आणि थांबले. चष्मा वर केला, अक्षर लावत लावत मोठ्याने वाचलं. "पोरगी आता इचारून वॉल फिरवती." खाली नानांची सही होती. सर म्हणाले, "हा प्रणालीबद्दलचा अभिप्राय आहे? याचा अर्थ काय?"

इतका वेळ मला थांबवावं लागत होतं, आणि आता मी पान माझ्याकडे ओढून ती ओळ स्वतः वाचली. वैष्णवीने टेबलाखाली माझा हात धरला. पण प्रश्न मला विचारला होता, तेव्हा उत्तर मीच दिलं.

"सर," मी म्हणाले, "याचा अर्थ, मी पास झाले."